गजभिये साहेबांचं लिव्हर

मुरलीधर गजभिये यांचं पोट वर्षभरात पुढे आलं, तेव्हा सगळ्यात जास्त समाधान शेजारच्या नारायणरावांना झालं.

चौतीस वर्षं गजभिये साहेब दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. समोर आलेला सुटा भाग मापायचा, आणि केसभर जरी चुकला असेल तरी त्याच्यावर ब्रशने लाल ठिपका मारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर ब्रश सुटला, सवय सुटली नाही. हिंदी मुलखातल्या रांझीत, त्यांच्या कॉलनीत, असा माणूस उरला नव्हता ज्याच्यावर त्यांनी मनातल्या मनात लाल ठिपका मारला नव्हता. नारायणरावांवर तर दोन होते, एक मोठ्याने बोलण्याबद्दल आणि दुसरा न विचारता सल्ला देण्याबद्दल.

त्यामुळे एका सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलेले साहेब अर्ध्यातच धापा टाकत उठून बसले, ते पाहून नारायणराव फाटक उघडून आतच आले.

"गॅस होय," ते म्हणाले. "शंभर टक्के गॅस. ओवा आणि काळं मीठ घ्या, पोटाला हिंग लावा. माझ्या साडूला हेच होतं."

नारायणरावांच्या साडूला सगळंच झालेलं होतं. गजभिये साहेबांनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप ओवा खाल्ला. तीन महिने खाल्ला. पोट काही उतरलं नाही. उलट अर्धी पोळी खाल्ली की गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाटू लागलं आणि उजव्या बरगडीखाली सतत काहीतरी दाटून राहिलं.

"चौतीस वर्षं माझ्या पोळीला नावं ठेवली, तरी चार खायचे," त्यांच्या बायको मनीषाताई शेवटी म्हणाल्या. "आता अर्धीवर उठून राहिले. एक तर खा, नाही तर दवाखान्यात चला."

नेपियर टाउनमधल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये बाईडॉक्टरने त्यांच्या पोटावर गार जेली लावली, मशीन फिरवलं आणि इंग्रजीत भराभर सांगायला सुरुवात केली. पडद्यापलीकडे टायपिस्ट ते टाइप करत होता. साहेब उठले, पोट पुसलं आणि थेट टायपिस्टच्या मागे जाऊन उभे राहिले. कॉम्प्युटरवर, सगळ्यात वर, हिंदीत त्यांचं नाव 'गजभाये' असं उमटलं होतं.

"भिये," साहेब म्हणाले. "भ ला वेलांटी."

टायपिस्टने 'गजभी' केलं. मग 'गाजभिये' केलं. चौथ्या खेपेला नाव बरोबर झालं तोपर्यंत त्याचे कान लाल झाले होते, आणि आतून डॉक्टर पुढचं सांगतच होती. रिपोर्ट हातात आल्यावर साहेबांनी खिशातलं पेन काढून नाव, वय आणि तारीख यांवर एकेक बारीक खूण केली. खालचा दोन पानांचा मजकूर त्यांनी वाचला नाही. त्यातलं जे कळायचं ते डॉक्टरने तोंडी सांगितलंच होतं. लिव्हरमध्ये पाण्याची गाठ आहे, चांगली खरबुजाएवढी, चौदा सेंटीमीटरची. कॅन्सर नाही. जन्मापासून थेंबभर असेल, आता वाढून जठरावर आणि छातीच्या पडद्यावर दाब देते आहे.

"म्हणजे पोट सुटलेलं नाही," साहेब मनीषाताईंना बाहेर येऊन म्हणाले. आवाजात समाधान होतं. नारायणराव चूक ठरले होते.

त्याच रस्त्यावर सर्जन डॉ. समिधा बसत. नागपूरच्या होत्या, मराठी बोलत, आणि वयाने साहेबांच्या मुलीएवढ्या, म्हणून एक ठिपका त्यांना आत शिरतानाच मिळाला. त्यांनी रिपोर्टचे कागद बाजूला ठेवून फिल्म उजेडात धरल्या. रक्ताच्या तपासणीत जंतांची गाठ नसल्याचं नक्की झालं, तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवून उपाय सांगितले.

"पहिला उपाय म्हणजे, बाहेरून सुई घालून पाणी काढायचं आणि गाठीत थोडं अल्कोहोल सोडायचं. त्याने आतलं अस्तर सुकतं. थोड्या वेळाने ते परत ओढून घेतो."

"काय सोडायचं?"

"अल्कोहोल."

मनीषाताईंनी डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "मी आमच्या बुद्ध विहाराच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. नऊ वर्षांपासून. पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहणं, हे मी दर रविवारी लोकांना सांगतो."

"पण तुम्ही ते पिणार नाही आहात, काका. ते फक्त लिव्हरमध्ये जाईल."

"पिणाऱ्यांचं कुठं जातं?"

डॉ. समिधांनी फिल्म पाकिटात सरकवल्या. त्या म्हणाल्या की एवढ्या मोठ्या गाठीला त्याही दुसराच उपाय सुचवतील. पोटाला तीन बारीक छिद्रं पाडायची, दुर्बीण आत घालायची आणि गाठीचं वरचं छत कापून टाकायचं. पाणी शोषून घ्यायचं. नंतर जे थोडंफार झरेल ते पोटातच जिरून जातं.

"आणि छत परत कोण बसवणार?"

"कोणी नाही. ते उघडंच ठेवतात."

साहेबांना हे काम निष्काळजीपणाचं वाटलं. पण दारूपेक्षा बरं, म्हणून त्यांनी होकार दिला. पुढल्या गुरुवारची तारीख मिळाली. त्यानंतर डॉक्टर महिनाभर बाहेर जाणार होत्या.

आता राहिली परवानगी. ऑपरेशनचा खर्च सरकारने द्यावा म्हणून पेन्शनरांच्या सरकारी दवाखान्यातून एक कागद आणायचा होता. खिडकीत पियूष नावाचा क्लार्क होता. तो त्यांच्याच कॉलनीत दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि त्याच्या स्कूटरच्या सायलेन्सरवर साहेबांचा ठिपका पूर्वीच पडलेला होता. पियूषने रिपोर्ट वाचला. एवढ्या दिवसांत तो वाचणारा तो पहिलाच माणूस. त्याने एकदा कागदाकडे आणि एकदा साहेबांकडे पाहिलं.

"अंकल जी, इसमें तो शराब का केस लिखा है."

"कशाचं?"

"ये देखिए. लार्ज अल्कोहोलिक सिस्ट, राइट लोब."

साहेबांनी कागद ओढून घेतला. त्यांनी पेनने खूण केलेल्या सुबक नावाच्या चार ओळी खाली खरोखरच तसं लिहिलेलं होतं. डॉक्टरने सांगितलेला शब्द होता 'अ‍ॅनेकोइक', म्हणजे आत नितळ पाणी आहे, मशीनचा आवाज आदळून परत येत नाही. टायपिस्ट त्या वेळी वेलांटीत अडकलेला होता. त्याने जे कानावर आलं ते अंदाजाने बडवलं, कॉम्प्युटरने आपल्या ओळखीचा शब्द पुढे केला, आणि त्याने तो घेतला.

"हे चुकीचं टाइप झालं आहे. मी थेंबालासुद्धा शिवत नाही, पूरी कॉलनी को पता है."

"होगा जी," पियूष समजूतदारपणे म्हणाला. "पर मैं तो कागज़ देखूँगा ना. रिपोर्ट जिस डॉक्टर की है वही सुधारे, दूसरे की चिट्ठी नहीं चलती. शराब वाले केस में नशामुक्ति केंद्र का प्रमाणपत्र लगता है. कॉलम सात."

साहेब रिक्षाने परत नेपियर टाउनला गेले. बाईडॉक्टर भोपाळला भाचीच्या लग्नाला गेली होती, तिथून केरळला जाणार होती, बारा दिवसांनी येणार होती. टायपिस्टने त्यांना ओळखलं. तो खुर्चीत आरामात मागे टेकला आणि म्हणाला, "आपके कहने पर चार बार नाम बदला, अंकल. अब मैडम की साइन के बिना एक अक्षर नहीं बदलूँगा."

पियूषने कोणाला काही सांगितलं नसेलही. त्याने फक्त आपल्या आईला सांगितलं. संध्याकाळी नारायणराव फाटक न वाजवता आत आले, खुर्ची जवळ ओढून बसले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"साहेब, मी कोणापाशी बोललो नाही. पण एकदम सोडू नका. एकदम सोडली का हात थरथरतात. माझ्या साडूने थोडी थोडी करून सोडली."

"नारायणराव, मी पीत नाही."

"तो पण हेच म्हणे," नारायणराव मायेने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समितीचा चिटणीस अश्वजीत आला. बँकेत नोकरीला असलेला पोरसवदा माणूस, बोलायला फार अदबशीर.

"सर, समितीचं म्हणणं आहे, तुम्ही थोडा आराम करा. तब्येत पहिले."

"राजीनामा मागून राहिला काय?"

"नाही जी, सर. असं कसं. फक्त समितीच्या यंदाच्या बॅनरवर तुमचा फोटो जरासा लहान ठेवू म्हणते मंडळी."

तो गेल्यावर साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. नऊ वर्षांत त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येक पिणाऱ्याला नावानिशी सुनावलं होतं. आता समोरच्या ओट्यावर त्यातले दोघे बसले होते आणि त्यांच्या खिडकीकडे बघून त्यांनी अगदी आपलेपणाने हात हलवला. साहेबांना या हात हलवण्याने जितका त्रास झाला तितका पोटातल्या खरबुजाने झाला नव्हता.

"मी ऑपरेशनच करत नाही," ते म्हणाले.

"मग तसेच फुगत बसा," मनीषाताई म्हणाल्या. "मी नारायणरावांना बोलावून हिंग लावून घेते."

सोमवारी दोघं नशामुक्ती केंद्रात गेले. तिलवाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल होता. बाहेर चपला काढायच्या होत्या. आत टेबलाशी बसलेला माणूस त्यांना पाहून उभा राहिला.

तो बंडू रामटेके होता.

सहा वर्षांपूर्वी विहाराच्या वार्षिक सभेत साहेबांनी या बंडूला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. त्याची बायको पुढे बसली होती. "याला नीट बघून घ्या," साहेब माइकवर म्हणाले होते, "असं व्हायचं नसेल तर." बंडू तेव्हा रेल्वेच्या कंत्राटावर होता. त्यानंतर तो विहारात दिसला नाही, आणि तो दिसत नाही ही आपल्या भाषणाची फलश्रुती, असं साहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं होतं.

"जय भीम, साहेब," बंडू म्हणाला. "बसा."

साहेबांनी सगळं सांगितलं. अ‍ॅनेकोइक सांगितलं, वेलांटी सांगितली, कॉलम सात सांगितला. बंडूने शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून दोन फॉर्म काढले. एकावर लिहिलं होतं 'उपचार सुरू', दुसऱ्यावर 'उपचार पूर्ण'.

"कधीच न पिणाऱ्याचा फॉर्म नाही?"

"तो माणूस इथं काहून येईल, साहेब?"

"मग हा पूर्णचा द्या. सही करतो."

"त्याच्यात तुम्ही किती वर्षं पीत होते ते भरावं लागते."

इथे गजभिये साहेब अडकले. पाचवं शील सांभाळायला त्यांनी सुईचा उपाय नाकारला होता, आणि आता फॉर्म भरायचा तर चौथं मोडायचं, म्हणजे खोटं बोलायचं. ते पेन हातात धरून तसेच बसले. मनीषाताईंनी सुचवलं की शून्य वर्षं लिहा. बंडू म्हणाला, शून्य लिहिलं की वरून फॉर्म परत येतो, तिथला माणूसही फार कडक आहे.

"तीन बैठकींना या," तो शेवटी म्हणाला. "मग मी लेटरहेडवर काहीतरी खरं खरं लिहून देतो."

सोमवार, मंगळवार, बुधवार साहेब त्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. चौदा माणसं गोल करून बसत आणि एकेक जण आधी आपलं नाव, मग 'आज प्यायलेलो नाही' एवढं सांगून बोले. साहेबांची पाळी आली की ते म्हणत, "मी पीत नाही," आणि चौदाही जण समजूतदारपणे मान हलवत. कुंडमचा एक म्हातारा शिक्षक म्हणाला, "सुरुआत में मैं भी यही कहता था, भाई साहब." पहिल्या दिवशी साहेबांनी चौदांवर चौदा ठिपके मारले. दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकाने सांगितलं की शाळेच्या परीक्षेला प्रश्नपत्रिका त्याच्याकडे होत्या आणि तो कुठे पडला होता हे त्याला आजही आठवत नाही, मुलं मात्र दोन तास बाकांवर बसून होती. सांगताना तो रडला नाही. त्या दिवशी साहेबांनी एकही ठिपका मारला नाही.

बुधवारी बैठक संपल्यावर ते बाहेर ओट्यावर बसून बूट घालत होते. वाकता येईना. एकदा प्रयत्न केला, दम लागला, कपाळावर घाम आला. मनीषाताई रिक्षा बघायला गेल्या होत्या. बंडू आतून आला, खाली बसला आणि त्याने लेस बांधायला घेतली.

"राहू दे, बंडू."

"झालंच, साहेब." दुसरा बूट घेत तो म्हणाला, "एक सांगू काय? तुम्ही त्या दिवशी मला उभं केलं ना, त्याच्यानंतर मी दीड वर्ष जास्त प्यायलो. पहिले फक्त संध्याकाळी घ्यायचो. मग बायकोच्या तोंडाकडे बघवे ना, म्हणून सकाळी पण घेऊ लागलो."

साहेबांनी पाय मागे ओढून पाहिला. तपासणी खात्यातल्या माणसाला अशा वेळी काय म्हणतात ते माहीत नसतं.

"मी अहवालात लिहिलं होतं तुझ्याबद्दल," ते म्हणाले. "यशस्वी म्हणून."

"वाचला होता," बंडू म्हणाला. त्याने दुहेरी गाठ मारली, उठला आणि खिशातून लेटरहेड काढून दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'श्री. मुरलीधर गजभिये हे आमच्या तीन बैठकींना हजर होते. एकाही बैठकीत ते प्यायलेले नव्हते.' खाली गोल शिक्का होता.

पियूषने मजकूर वाचला नाही. त्याने शिक्का गोल असल्याची खात्री करून घेतली आणि कॉलम सातमध्ये बरोबरची खूण केली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरने टेबलाशी फाइल चाळत विचारलं, "दादा, कितनी लेते थे?" साहेब उत्तर द्यायच्या आतच झोपले, त्यामुळे तो प्रश्न कायमचा तसाच राहिला. सव्वा तासात काम आटोपलं. तीन छिद्रं, दीड लीटर पाणी. डॉ. समिधांनी बाहेर येऊन मनीषाताईंना सांगितलं की पाणी अगदी नितळ होतं. मनीषाताईंनी ते मोठ्या आवाजात परत सांगायला लावलं, कारण बाकावर नारायणराव बसले होते.

संध्याकाळी साहेबांचा उजवा खांदा भयंकर दुखू लागला. लिव्हरच्या ऑपरेशनला खांदा काहून दुखतो, असं त्यांनी त्रासून विचारलं. डॉ. समिधा म्हणाल्या, दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात हवा भरतात, ती थोडी मागे राहिली की खांद्याकडे कळ जाते, एक-दोन दिवसांत जाईल.

"म्हणजे गॅसच," नारायणराव म्हणाले.

साहेबांनी कूस बदलली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी जरा जाड झाली म्हणाले. मनीषाताई आत जाऊन थोडा वेळ डोळे पुसत बसल्या.

सोनोग्राफीवाली डॉक्टर केरळहून परतली आणि तिने चूक कबूल करून नवा रिपोर्ट दिला. साहेबांनी तो या वेळी दोन्ही पानं अक्षर अन् अक्षर वाचला, आणि पुढल्या रविवारी विहारात तो मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. अश्वजीतला फोन करून माइक लावायला सांगितला. नऊ वर्षांत त्यांच्या भाषणाला सहसा चार माणसं असत, त्यातल्या एक मनीषाताई. त्या रविवारी हॉल भरलेला होता. बाहेर चपलांना जागा नव्हती. गजभिये साहेबांनी सोडली, ही बातमी रांझीभर पोचली होती, आणि जे लोक त्यांचं बोलणं ऐकायला कधी आले नव्हते ते आता ऐकायला आले होते. ओट्यावरचे ते दोघेही आले होते. पहिल्या रांगेत एक बाई नवऱ्याच्या मनगटाला धरून बसली होती. तो दाराकडे बघत होता. मागे, खांबाला टेकून, बंडू उभा होता.

साहेबांनी रिपोर्ट उघडला आणि माइकवर दोनदा फुंकर मारली. अध्यक्षांबद्दल अपप्रचार झाला आहे, इथून सुरुवात करायची होती. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. त्या माणसाच्या पायातले मोजे वेगवेगळ्या रंगांचे होते, आणि साहेबांची नजर सवयीप्रमाणे तिथे गेली, थांबली, आणि मग वर त्याच्या चेहऱ्यावर गेली. तो आता दाराकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता.

रिपोर्ट त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

"मी मुरलीधर," ते म्हणाले. "मी आज प्यायलेलो नाही. कालही नव्हतो."

त्यांनी माइक जरा जवळ ओढला. मग साहेब पुढे म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी याच माइकवरून मी एका माणसाशी फार वाईट वागलो. ते पहिले सांगतो." आणि त्यांनी ते सांगितलं, नाव न घेता, आपली बाजू न सावरता, आणि पाच मिनिटांत खाली बसले. त्यांचं इतकं छोटं भाषण आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मोजेवाला माणूस उठून थेट मागे खांबापाशी गेला आणि बंडूला केंद्राची वेळ विचारू लागला.

परतताना रिक्षात साहेबांनी मनीषाताईंना विचारलं, "मी खोटं तर बोललो नाही ना?"

"नाही," मनीषाताई म्हणाल्या. "पण उद्यापासून कॉलनीत तुम्ही पक्के बेवडे झाले."

"होऊ दे," गजभिये साहेब म्हणाले, आणि रिक्षावाल्याला सांगितलं की आरसा वाकडा आहे, सरळ कर.